घोडी कुठे बांधली

१ फेब्रुवारी १८३६, सोमवार

आज शपथ घेतली. उजवा हात वर केला तशी कोटाची तोकडी बाही कोपराकडे सरकली आणि निम्मी शान तिथेच गेली. असो. आजपासून नॅथॅनिएल कोबर्न स्पेशल मॅजिस्ट्रेट झाला. माझ्या रंगाच्या माणसाला इंग्रजांच्या ताब्यातल्या या उसाच्या बेटावर परवापरवापर्यंत साधं मत देता येत नव्हतं, आणि आता गोरे मळेवाले माझ्यापुढे बाजू मांडणार!

काम असं आहे. दीड वर्षापूर्वीच्या ऑगस्टच्या कायद्याने सगळे गुलाम सुटले, पण अर्धेच. अजून काही वर्षं त्यांनी जुन्याच मालकाकडे ठरलेले तास फुकट राबायचं, उरलेला वेळ तेवढा त्यांचा. कायदा त्यांना 'शिकाऊ' म्हणतो. जन्मल्यापासून ऊस तोडणारी माणसं आता नवीन काय शिकणार आहेत, ते कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक. मालकाला चाबूक उचलायची मनाई आहे. तक्रार मालकाची असो की मजुराची, ती मॅजिस्ट्रेटपुढे यायची. मी मळ्यामळ्यांवर फिरायचं आणि सुटलेल्यांना कोणी छळत असेल तर चौकशी करायची.

आईला सांगायला गेलो. ती अर्धं आयुष्य गुलाम होती, आता बाजारात पाव विकते. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी आणेल.

"रात्री झोपणार कुठे?" तिने विचारलं.

"मळ्यावरच. वाटेत खानावळी कुठे आहेत?"

"आणि जेवणार?"

"आई, मी न्याय द्यायला चाललोय. तू जेवणाचं काय घेऊन बसलीस?"

तिने कसावा या कंदाच्या वाळवलेल्या भाकरींचं एक गाठोडं बांधलं आणि खोगिराला अडकवून दिलं. मॅजिस्ट्रेटच्या घोडीला गाठोडं! ज्यूनोसुद्धा लाजली असेल.

४ फेब्रुवारी, गुरुवार. फेअरहोप मळा

मी थक्क झालो आहे. पहिलाच मळा आणि एकही तक्रार नाही.

मालकाच्या वतीने मळा चालवणारे मुखत्यार मिस्टर पेलहॅम पायऱ्या उतरून घ्यायला आले. ज्यूनोला तबेल्यात नेलं, तिच्यापुढे कमरेएवढं ताजं गिनी गवत टाकलं. मग मोठ्या घराच्या व्हरांड्यात मी टेबल मांडून बसलो आणि मुकादमाकरवी सगळ्यांना निरोप दिला की कोणाला काही सांगायचं असेल तर बेलाशक यावं. संध्याकाळचा शंख फुंकला गेला, शेतं रिकामी झाली. माणसं डोक्यावर गवताचे भारे घेऊन समोरून गेली. प्रत्येक जण तबेल्याकडे एक नजर टाकायचा आणि पुढे व्हायचा. ज्यूनो आहेच तशी देखणी. माझ्याकडे मात्र कोणी फिरकलं नाही.

"मी काय म्हणत होतो!" पेलहॅम म्हणाले. "आमची माणसं सुखी आहेत."

जेवायला कासवाचं सूप, भाजलेलं बदक, माडिरा मद्य. ते सगळं ठीक. पण मला त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची दिली होती. माझे गोरे वडील अशाच एका घरात जेवत. मी आणि आई मागच्या पायऱ्यांवर बसायचो, आणि आतून जे परत येईल ते आमचं. वडिलांनी मला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. आज चांदीचा चमचा हातात धरून मी क्षणभर तसाच बसून राहिलो. पेलहॅमना वाटलं, सूप आवडलं नाही. मी गडबडीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आईच्या भाकरी ज्यूनोपुढे टाकल्या. ताज्या गवतापुढे तिने त्या हुंगल्यासुद्धा नाहीत.

११ फेब्रुवारी, गुरुवार

या आठवड्यात आणखी तीन मळे झाले. तक्रारी नाहीत. मुखत्यार सज्जन आहेत, गादी मऊ आहे.

जेवताना सगळीकडे ऑग्डनचा विषय निघतो. हा शेजारच्या परगण्यातला मॅजिस्ट्रेट, नौदलातून निवृत्त झालेला चिडका म्हातारा. कोणाच्या घरी उतरत नाही, झाडाला झोळी बांधून झोपतो आणि स्वतःचं डुक्कर स्वतः भाजतो. त्याच्याकडे म्हणे तक्रारींची रीघ लागते. माझ्या मते हा माणूस लोकांना चिथावतो. स्वभावच तसा असला की सगळीकडे अन्यायच दिसणार. मी तसं बोललो तेव्हा टेबलावर सगळे मनापासून हसले.

१८ फेब्रुवारी, गुरुवार. फेअरहोप

आज पहिला खटला चालवला. तक्रार पेलहॅमची होती. जुबा नावाची शेतावरची बाई काम सोडून जाते आणि उलट बोलते. बाई तरुण, सडपातळ, पाठीशी पाच-सहा महिन्यांची मुलगी बांधलेली.

"पोर रडलं की ही सरी सोडून चालती होते," पेलहॅम म्हणाले. "दिवसातून किती वेळा, ते विचारूच नका."

"भूक लागली की पोर रडतंच, साहेब," जुबा म्हणाली. "आधी बेनेबा आजी सगळ्यांची पोरं घेऊन शेताच्या कडेला बसायची. रडलं की आणून द्यायची, पाजून झालं की घेऊन जायची. काम थांबायचं नाही. गुलाम होतो तेव्हा हे होतं. सुटलो, आणि बंद झालं. आजीच्या हातात कुदळ दिली."

"पोरांना दाई पुरवावी असं कायद्यात कुठे लिहिलंय?" पेलहॅम हसून माझ्याकडे वळले. "कोबर्न, तुम्हीच सांगा."

कायदा मला पाठ आहे. त्यात तसं कुठेच लिहिलेलं नाही. मी तसं सांगितलं.

"तुला आणखी काही म्हणायचंय?" मी तिला विचारलं.

ती माझ्या खांद्यावरून तबेल्याकडे पाहत होती. "साहेबांच्या घोडीचं पोट भरलं का?"

भर चौकशीत ही थट्टा! मुकादमाने मान खाली घातली, पेलहॅमनी हात पसरले. "ऐकलंत? रोज हीच भाषा."

माझे कान तापले. खरं सांगायचं तर तोवर मी तिला समज देऊन सोडणार होतो. आठवडाभर सक्तमजुरी सांगितली. पेलहॅमना महिना हवा होता, पण मी ठाम राहिलो. शिवाय अंगावरचं पोर आईपासून तोडू नये म्हणून मुलीला तुरुंगात सोबत ठेवावं, असा हुकूम स्वतः लिहिला. तेवढी माणुसकी राखलीच पाहिजे.

तुरुंगात आता फटके नाहीत, पायऱ्यांचं चाक आहे. इंग्लंडातल्या दयाळू लोकांनीच ते शोधून काढलंय. मळ्याचे डॉक्टर म्हणाले की त्याने छातीला व्यायाम होतो. जिना चढण्यासारखंच.

शिपाई जुबाला नेत असताना मुलीने माझ्या कोटाच्या बटणाला हात घातला आणि सोडेना. मिंबा तिचं नाव. म्हणजे शनिवारी जन्मलेली. शेवटी आईनेच तिची बोटं एकेक करून सोडवली.

३ मार्च, गुरुवार. फेअरहोप

पेलहॅमकडे मुक्काम. जेवताना जुबाची आठवण झाली.

"ती बाई परत आली का? आता काही त्रास?"

"आली केव्हाच. आणि त्रास मुळीच नाही," ते म्हणाले. "सरी सोडून जायला आता तिला कारणच उरलं नाही."

ऐकून हायसं वाटलं. शिक्षा वेळेवर आणि बेताची दिली की वळण लागतं, हे माझं मत खरं ठरलं. आणखी विचारणार होतो, पण तेवढ्यात भरलेले खेकडे आले.

८ मार्च, मंगळवार

आज जे ऐकलं ते लिहायला हवं.

दुपारी फेअरहोपच्या अलीकडे ज्यूनो लंगडायला लागली. खुरात खडा रुतून जखम झाली होती. मोठं घर अजून टेकडीपलीकडे होतं. फाट्यावर सावरीचं प्रचंड झाड आहे, त्याच्या मुळाला तिला बांधलं, खोगीर उतरवलं आणि बसलो. पोटात कावळे ओरडत होते. खोगिराच्या खिशात आईच्या भाकरीचा एक तुकडा चुकून राहिला होता. तोच चघळत होतो.

संध्याकाळी टेकडीवर शंख वाजला. थोड्या वेळाने भारे घेतलेली माणसं रस्त्यावर आली. मला पाहिलं, घोडीला पाहिलं आणि थबकली. पुढे होता स्किपिओ, गुऱ्हाळावर कढई सांभाळणारा धिप्पाड माणूस.

"काय साहेब, आज पंगतीतून उठवलं की काय?"

"घोडी लंगडतेय," मी म्हणालो.

"मग बसा. साहेबीणबाईंना विश्रांती हवीच."

"साहेबीणबाई कोण?"

सगळे खदखदून हसले. "ही काय, तुमची घोडी! परगणाभर तिला साहेबीणबाईच म्हणतात. फार खाते हो, साहेब. तुम्ही यायचे असलात की माणशी एक भारा जास्त."

मला कळेना. "हे गवत तुम्ही आणता? कोणत्या वेळात?"

"शंख झाल्यावर. आमच्या वेळात," स्किपिओ म्हणाला. "दुसरा कोणता वेळ आहे आम्हाला?"

म्हणजे जो वेळ कायद्याने त्यांचा, तो माझीच घोडी खात होती, आणि मी ती तबेल्यात बांधून व्हरांड्यात त्यांच्या तक्रारींची वाट पाहत होतो.

"मग तुम्ही सांगितलं का नाही? मी बसलो होतो ना तिथे?"

"बसला होता, दिसलं." आता बोलत होती ती एक वाकलेली म्हातारी. हीच बेनेबा. "मॅजिस्ट्रेट कसा आहे, हे आम्ही त्याच्या तोंडावरून नाही बघत, बाबा. त्याचं घोडं कुठे बांधलंय ते बघतो. तबेल्यात दिसलं की तोंडं मिटायची. आमचं बोलणं संध्याकाळी त्याच्या कानात, जेवताना मालकाच्या ताटात आणि सकाळी आमच्या पाठीवर."

"ऑग्डन साहेबाचं घोडं झाडाला असतं," मागून कोणीतरी म्हणालं.

त्यांनी भारे खाली टाकले आणि बोलायला सुरुवात केली. एकाला पाणी मागितलं म्हणून कोंडलं होतं. स्किपिओची स्वतःची केळीची बाग मालकाची गुरं सोडून तुडवली होती. सूझी नावाच्या बाईचे दिवस भरत आलेत, तरी तिला डोंगरउतारावर खड्डे खणायला पाठवतात. हे सगळं त्याच मळ्यावर, जिथे मी 'तक्रार नाही' असं लिहून गेलो होतो. आणि त्यातच मला जुबाचा प्रश्न आठवला. साहेबांच्या घोडीचं पोट भरलं का? ती थट्टा नव्हती. ती तिची तक्रार होती, त्या व्हरांड्यात जेवढी करता येईल तेवढी.

"जुबा कुठे आहे?" मी विचारलं.

बेनेबा म्हणाली, "ती लांबच्या वाटेने गेली. तुम्ही इथे आहात असं कळलं तिला."

"आणि मुलगी? ती आता कामावर असते तेव्हा मुलीला कोण बघतं?"

बेनेबाने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला आधी वाटलं मी खोटं बोलतोय. मग तिला कळलं की मला खरंच माहीत नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"काय?"

"मिंबा तिथेच राहिली, बाबा. तुरुंगाच्या कुंपणामागे पुरली तिला. जुबा एकटीच आली. दूध आटावं म्हणून छाती फडक्याने घट्ट बांधून आली, आणि दुसऱ्या दिवशी शंखाबरोबर शेतात."

सरी सोडून जायला आता तिला कारणच उरलं नाही. पेलहॅम हे म्हणाले होते. खेकडे वाढता वाढता म्हणाले होते. आणि मला हायसं वाटलं होतं. मी ते इथे, याच वहीत, लिहून ठेवलंय.

९ मार्च, बुधवार

काही सुचत नाही. ज्यूनोच्या खुराला पोटीस बांधलं. मागचं पान पुन्हा वाचलं, दोनदा. पान फाडावं असं वाटलं. फाडलं नाही.

११ मार्च, शुक्रवार

आगाऊ न कळवता तुरुंगात गेलो. अधिकारी हॉजेस आनंदाने पुढे आला. गोल चेहऱ्याचा, गप्पिष्ट माणूस. "या, या. तुम्ही पाठवलेली माणसं अगदी नीट ठेवतो आम्ही."

चाक अंगणात आहे. मी आजवर ते पाहिलं नव्हतं. पाहायला कधी गेलोच नव्हतो. लाकडाचं मोठं पिंप आडवं ठेवावं तसं ते आहे, बाहेरून पायऱ्या ठोकलेल्या. वर आडवा दांडा. त्या दांड्याला मनगटं बांधून पाच बायका ओळीने लटकवल्या होत्या. होय, लटकवल्याच. चाक फिरतं, पायरी खाली जाते, लगेच पुढच्या पायरीवर पाय टाकायचा. चुकला की मनगटांवर लोंबकळायचं, आणि मग प्रत्येक पायरीची कड नडग्यांवर आदळत जाते. पायऱ्या काळ्या पडल्या होत्या. मला आधी वाटलं, डांबर आहे.

मागे एक माणूस दोऱ्यांचा चाबूक घेऊन उभा होता.

"बायकांना चाबूक मारायची कायद्याने बंदी आहे," मी ओरडलो. स्वतःचा आवाज मला ओळखू येईना.

"मारत कुठे आहे? ही नुसती आठवण," हॉजेस म्हणाला. माझ्यासमोर त्या माणसाने एकीला आठवण दिली.

मी चाक थांबवायला सांगितलं. बायकांना सोडवलं. मग काय झालं कोण जाणे, मी स्वतःच त्या चाकावर चढलो. मला कोणी बांधलं नव्हतं, माझ्या पायांत बूट होते, मागे कोणी उभं नव्हतं. तरी थोड्याच वेळात पाय चुकला आणि पायरी नडगीवर आदळली. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी उतरलो. हॉजेस हसू दाबत होता. त्या पाच बायकांपैकी एकही हसली नाही.

"पोरं कुठे ठेवता?" मी विचारलं.

त्याने चाकासमोरची जागा दाखवली. उन्हात एक गोणपाट पडलं होतं. "तिथे. चाकावरून आईला पोर दिसतं. रडलं की दिसतं, पण जाता येत नाही. त्यामुळे बायका भराभर पाय उचलतात, लवकर सुट्टी मिळावी म्हणून. फार उपयोग होतो."

"जुबाची मुलगी?"

"हगवणीने गेली. इथलं पाणी पोरांना सोसत नाही." मग तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "आधी आम्ही पोरं ठेवून घेत नव्हतो, साहेब. तुमचाच हुकूम होता ना, सोबत ठेवावं म्हणून? आम्ही पाळला, तेव्हापासून सगळ्यांचीच पोरं ठेवतो."

मी कुंपणापर्यंत गेलो. कोट सावरताना हात त्या बटणावर गेला. ते अजून सैल आहे.

१२ मार्च, शनिवार

आईकडे गेलो. ती पीठ मळत होती. मी सगळं सांगितलं. ती मळतच राहिली.

"तू कुठे वाढलास, ठाऊक आहे?" ती म्हणाली.

"मोठ्या घराच्या मागे."

"ते नंतर. आधी तू शेताच्या कडेला वाढलास. माझ्या हातात कुदळ, आणि तू एका म्हातारीच्या मांडीवर. रडलास की ती तुला सरीपर्यंत आणायची. ती होती म्हणून जगलास. नाहीतर आज शपथ घ्यायला कोण असतं?"

मला हे माहीतच नव्हतं. छत्तीस वर्षांत तिने कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. पेलहॅमच्या व्हरांड्यात बसून मी सांगितलं होतं की कायद्यात असं कुठेच लिहिलेलं नाही.

"मग मला पहिल्याच दिवशी बजावलं का नाहीस?" मी चिडून म्हणालो. "तिथे जेवू नकोस, झोपू नकोस, असं स्पष्ट सांगायचं!"

"भाकरी बांधून दिली होती ना," आई म्हणाली.

ती मी घोडीपुढे टाकली, हे तिला सांगवलं नाही.

१७ मार्च, गुरुवार. फेअरहोपचा फाटा

पहाटेच आलो. ज्यूनोला सावरीच्या झाडाला बांधलं. गवत स्वतः कापलं. गिनी गवताला इतकी धार असते, हे या बेटावर जन्मून मला ठाऊक नव्हतं. दोन्ही तळवे चिरले. टेबल झाडाखाली लावलं आणि मुकादमाला नाही, थेट स्किपिओला निरोप दिला की चौकशी इथे होईल, मोठ्या घरात नाही.

दुपारी पेलहॅम घोड्यावरून आले. "कोबर्न, हे काय मांडलंय रस्त्यावर? चला, सूप निवतंय."

"मी जेवलोय."

"काय जेवलात?"

"कसावाची भाकरी."

ते खाली वाकले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "हे पाहा, तुमच्या वर्णाच्या माणसाला या परगण्यात दुसरं कोणतंही टेबल मिळणार नाही. गव्हर्नरांकडे आमचाही शब्द चालतो. ती खुर्ची रिकामी राहील, आणि तुमची नोकरीसुद्धा."

लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणीही ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि तिच्याबरोबर ते गोणपाट आलं.

"मिंबा मेली हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"कोण?" पेलहॅम म्हणाले. त्यांना खरंच नाव माहीत नव्हतं. घोडा वळवून ते निघून गेले.

शंख झाल्यावर माणसं आली. आज कोणाच्या डोक्यावर भारा नव्हता. मी एकेकाचं बोलणं लिहून घेतलं. सूर्य टेकडीला लागला तरी जुबा आली नाही. मी आशा सोडली होती. मग गर्दी आपोआप बाजूला झाली.

ती लंगडत आली. नडग्यांवर फडकी बांधलेली. पाठीवर काही नव्हतं, तरी ती जरा पुढे झुकून चालत होती, सवयीने. आधी ती ज्यूनोकडे गेली. तिच्यापुढचं गवत उचलून पाहिलं. वेडंवाकडं, उपटल्यासारखं कापलेलं होतं ते, इथलं कोणी असं कापत नाही. मग येऊन टेबलासमोर उभी राहिली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

"बस," मी म्हणालो.

ती बसली नाही.

"तुझी तक्रार आहे?"

"आहे."

मी लेखणी बुडवली. पेलहॅमचं पहिलं अक्षर कागदावर उमटलंसुद्धा होतं. "कोणाविरुद्ध?"

"पेलहॅमचं नाव नका लिहू, साहेब," ती म्हणाली. आवाज शांत होता. "तो मालकाचा माणूस आहे. तो आधीही असाच होता, त्याच्याकडून मी काही मागितलं नव्हतं. तुरुंगवाला हॉजेसही तसाच. मी मागितलं ते तुमच्याकडे. सुटका झाली, आपल्यासाठी साहेब आलाय, आपल्याच रंगाचा आहे, असं सगळे म्हणत होते. म्हणून मी व्हरांड्यात तोंड उघडलं. माझी तक्रार तुमच्यावर आहे."

स्किपिओने डोक्यावरची टोपी काढली.

क्षमा माग, असं मनात आलं, पण तिने क्षमा मागायला सांगितलं नव्हतं. तिने तक्रार दिली होती. तिथे दुसरा मॅजिस्ट्रेट नव्हता. मी अर्धं लिहिलेलं अक्षर खोडलं आणि माझं नाव लिहिलं. चिरलेल्या तळव्याचं रक्त कागदाच्या कडेला लागलं.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी उभा राहून वाचलं. "फेअरहोप मळ्यावरची जुबा हिची तक्रार, मॅजिस्ट्रेट नॅथॅनिएल कोबर्न याच्याविरुद्ध. याने मालकाच्या घरी जेवून, मालकाच्याच व्हरांड्यात बसून हिचं म्हणणं न ऐकता हिला तुरुंगात धाडलं. तिथे हिची मुलगी मेली."

"तिला नाव होतं."

मी 'मिंबा' लिहिलं. पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं. दुसऱ्यांदाही ती थांबून राहिली, पूर्ण होईपर्यंत.

"आणखी काही?"

"बेनेबा आजीला शेताच्या कडेला बसवा. सूझीचं पोर यायच्या आधी. कायद्यात नसलं तर लिहून घ्या म्हणावं कायद्यात."

तेही लिहिलं. माझ्याविरुद्धची चौकशी मला करता येणार नाही, तेव्हा हे कागद घेऊन मी उद्याच ऑग्डनकडे जाणार आहे, आणि एक प्रत गव्हर्नरांकडे. मी हे सर्वांना सांगितलं. नोकरी बहुतेक जाईल. घाबरलो आहे, खोटं कशाला बोलू?

जुबा जायला वळली. चार पावलांवर थांबली. "चौकशीला जो कोणी येईल ना, साहेब," ती म्हणाली, "त्याला आधीच सांगून ठेवा, घोडं इथे बांध."

मी हो म्हणालो. मग ती त्या लांबच्या वाटेने नाही, सरळ रस्त्याने घरी गेली.